पिरियड प्रेमकथा लिहिताय? आधी या चुका टाळा

नवी संहिता हातात आली की मी आधी शयनगृहाचा सीन शोधते. सवय वाईट आहे, पण उपयोगाची. दरबार, लढाई, राज्याभिषेक हे सगळं इतरांचे सिनेमे बघून लिहिता येतं. शृंगाराचा सीन आला की लेखकाने त्या काळाचा किती विचार केलाय ते दोन ओळींत उघडं पडतं. बहुतेक वेळा तिथे एवढंच असतं: 'रात्र. महाल. शंभर मेणबत्त्या. दोघं एकमेकांत विरघळतात.' पुढचा सीन थेट रणांगणात.

पिरियड, म्हणजे जुन्या काळात घडणाऱ्या सिनेमांच्या आणि मालिकांच्या संहिता तपासायच्या, मग सेटवर उभं राहून काळाच्या चुका काढायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. सेटवर माझं स्वागत फारसं प्रेमाने होत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्याच त्याच चुका बघून आता वीट आलाय. प्रत्येक नव्या डायरेक्टरला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

'विरघळतात' म्हणजे नक्की काय करतात?

ही सगळ्यात मोठी चूक, त्यामुळे हिच्यावरच जास्त बोलणार आहे. बहुतेकांच्या डोक्यात शृंगार म्हणजे कपडे कमी करणं. ते करायचं नसेल तर स्लो मोशन, धूर आणि उडणारा पडदा. लेखक सीन लिहीतच नाही, डायरेक्टरवर सोडतो. डायरेक्टर कॅमेरामनवर सोडतो. कॅमेरामन धूर मागवतो.

'मुघल-ए-आझम'मधल्या (1960) पिसाच्या सीनचा फोटो प्रत्येक मूडबोर्डवर, म्हणजे सिनेमाचा रंगढंग ठरवायला चिकटवलेल्या चित्रांच्या फळ्यावर असतो. पण त्या सीनमध्ये काय काय घडतं ते ओळीने सांग म्हटलं की मंडळी गप्प होतात. सलीमच्या हातात एक पीस आहे, ते अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरतं. दोन चेहरे, मध्ये ते पीस. मागे तानसेन गातोय, आवाज बडे गुलाम अली खाँ यांचा, राग सोहनी. सोहनी म्हणजे रात्र उतरणीला लागल्यावर गायचा राग, त्यामुळे किती वाजले असतील हे कोणी न सांगताच कळतं. बाकी काही नाही. 'दोघांत केमिस्ट्री असली की सगळं आपोआप होतं' म्हणणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. दिलीपकुमार यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की हा सीन झाला तेव्हा त्यांचं आणि मधुबालाचं साधं बोलणंसुद्धा बंद होतं. काम केलं ते दिग्दर्शक के. आसिफ यांच्या मांडणीने आणि चेहऱ्यावर थांबायची हिंमत असलेल्या कॅमेऱ्याने.

दुसरं उदाहरण मृच्छकटिक या जुन्या संस्कृत नाटकाचं. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी माणसाला परकं नाही, आणि गिरीश कार्नाडांचा 'उत्सव' (1984) त्याच गोष्टीवर उभा आहे. 'उत्सव' म्हटलं की लोकांना दागिन्यांनी मढलेली रेखा आठवते आणि मग ते आपल्या नायिकेलाही मढवतात. पण नायिका वसंतसेना, म्हणजे उज्जयिनीची गणिका, हिचे दागिने त्या गोष्टीत काय काय करतात ते बघा. पुन्हा यायला निमित्त हवं म्हणून ती ते आपल्या आवडत्या चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. शर्विलक ते चोरतो. चोरीचा बोभाटा नको म्हणून चारुदत्ताची बायको धूता आपली रत्नमाला काढून देते. पुढे वसंतसेना चारुदत्ताच्या मुलाची मातीची गाडी आपल्या दागिन्यांनी भरते, आणि तेच दागिने न्यायसभेत निघतात तेव्हा चारुदत्त सुळाच्या वाटेला लागतो. अशा दागिन्याला अंगावरून उतरताना बघण्यात मजा आहे. भाड्याने आणलेल्या कुंदनच्या सेटला ती कुठून येणार?

आणि घरचा ऐवज आपण उघडूनच बघत नाही. हाल सातवाहनाने जमवलेली गाथासप्तशती, आपल्याच मातीतल्या माहाराष्ट्री प्राकृतात, सातशे छोट्या छोट्या गाथा. त्यातल्या एका गाथेत पाणपोईवर एक वाटसरू ओंजळीने पाणी पितोय आणि पाणपोईवाली वरून धार धरतेय. तो वर तिच्याकडे बघत बोटं विलग करतो, म्हणजे पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं. तीही धार बारीक करते. तो बोटं आणखी फाकवतो, ती धार आणखी बारीक करते. संपली गाथा. दोन ओळींत दोघांची संमती, चोरी आणि तहान सगळं आलं, आणि मध्ये फक्त पाणी.

ही गाथा मी एका तरुण डायरेक्टरला सुचवली होती. गोष्ट सातवाहनकाळची, पैठणच्या परिसरातली. त्याच्या संहितेत दोघांची पहिली भेट झाली की लगेच कातळावर, धबधब्याखाली प्रणय होता. गाथा ऐकून तो म्हणाला, "पण ताई, यात काही होतच नाही!" त्याने निर्मात्याला विचारलं, निर्मात्याने विचारलं की यात गाणं बसतं का. शेवटी धबधब्यावर शूटिंगची परवानगी वेळेवर मिळाली नाही आणि दिवस वाया जायला नको म्हणून पाणपोईचा सीन करायचं ठरलं.

खरी गंमत तिथून पुढे. आर्टवाल्यांनी रुंद तोंडाचा घडा आणलेला, त्यातून धार कुठली, भळकन पाणी पडायचं आणि नायकाच्या नाकात जायचं. घडा बदलून तोटीची झारी आणली. मग कळलं की बोटं फाकवली की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं आणि हातावरचा सगळा मेकअप घेऊन जातं. मेकअपदादांनी हात जोडले. मी म्हटलं, वाटसरू आहे, हाताला मेकअप हवाच कशाला, खरी माती लावा आणि ती पाण्याबरोबर वाहू द्या. पुढच्या टेकला मातीचा ओघळ त्याच्या कोपरापर्यंत गेला, वर नायिकेचा हात झारीच्या वजनाने थरथरायला लागला, आणि धार बारीक ठेवायच्या नादात तिने खालचा ओठ दातात धरला. हे कोणी लिहिलं नव्हतं. पण झारीत खरं पाणी होतं, खरं वजन होतं, म्हणून ते झालं. एडिटिंगमध्ये हा सीन आखडायला कोणी तयार होईना. धबधबा नंतर कोणाला आठवलाही नाही.

तेव्हा माझी पद्धत अशी: पहिल्या खर्ड्यात दोघांना एकमेकांना हात लावायची परवानगी नाही. त्यांना एक वस्तू द्यायची आणि एक अडचण द्यायची. शिवाय घरात कोण जागं आहे ते ठरवायचं. वाड्यात एकांत नावाची चीज नसते. माजघरात सासू, ओसरीवर कारकून, पायाशी कुणाचं तरी पोर झोपलेलं. एकांत मिळवायलाच अर्धा सीन लागतो, आणि गोडी त्या अर्ध्या सीनमध्येच असते. हे सांगितलं की घाईतली मंडळी म्हणतात, "ते नंतर बघू, आधी मूड सेट करू." मूड सेट होत नसतो हो.

सातवाहनांच्या पलंगाला निशिगंध

हे माझं दुसरं दुखणं. काळ इसवीसनाच्या सुरुवातीच्या आसपासचा, आणि पलंगाला निशिगंधाच्या माळा, दाराला झेंडूचं तोरण, मागे फुललेली बोगनवेल. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. झेंडूही तिकडचाच. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. पांढरा देवचाफासुद्धा अमेरिका खंडातून आलेला. युरोपियन जहाजं त्या बाजूला जाऊन यायला लागल्यानंतरची ही सगळी पाहुणे मंडळी. पेशवाईत झेंडू दाखवलात तर माझी हरकत नाही. अशोकाच्या किंवा वसंतसेनेच्या दारात नको.

"प्रेक्षकाला काय कळतंय?" आर्ट डिपार्टमेंटचा ठरलेला प्रश्न. झेंडू कुठून आला ते प्रेक्षकाला नसेल कळत. पण झेंडू बघितला की त्याला दसरा आठवतो, रिक्षाची पूजा आठवते, मंगल कार्यालय आठवतं. निशिगंध बघितला की सत्काराचा हार. तुम्ही त्याला दोन हजार वर्षं मागे न्यायला निघालाय आणि फुलवाला त्याला मुलुंडच्या हॉलमध्ये परत आणतोय.

मग काय वापरायचं? मोगरा, जाई, जुई, सोनचाफा, बकुळ, केवडा, कमळ, कदंब, अशोक. कमी आहेत का? आणि ज्यांना कामसूत्र म्हणजे फक्त आसनांचं पुस्तक वाटतं त्यांनी ते एकदा पहिल्यापासून वाचावं. सात अधिकरणं आहेत त्यात, संभोगाचं त्यातलं एक. पहिल्याच अधिकरणात नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिकाच्या खोलीचं वर्णन आहे, आणि ते वर्णन म्हणजे आर्ट डायरेक्टरच्या हातात आयती दिलेली यादी आहे. मध्ये किंचित खोलगट, मऊ पलंग आणि त्यावर पांढरी चादर. शेजारी आणखी एक छोटा पलंग. उशाशी रात्रीची उरलेली उटी आणि माळा, मेणाची डबी, सुगंधाची पुडी, महाळुंगाची साल, विडे. खाली जमिनीवर पिकदाणी. भिंतीतल्या खुंटीवर वीणा. चित्र काढायची फळी, रंगाच्या कांड्यांचा डबा, कुठलं तरी एक पुस्तक. आणि कोरांटीच्या माळा. आपल्या कुंपणाला असते तीच कोरांटी! आजवर एकाही सेटवर मला ती दिसलेली नाही. पिकदाणी मागवली तर प्रॉडक्शनने मला वेड्यात काढलं होतं. पण विडा आहे तिथे पिकदाणी येणारच, आणि पिकदाणी ठेवली की ती खोली कोणाची तरी राहती खोली वाटायला लागते.

फुलांचं एक व्यवहाराचंही सांगते, कारण हे कुठल्या फिल्म स्कूलमध्ये शिकवत नाहीत. मोगऱ्याच्या माळा पहाटे दादरच्या फुलबाजारातून आणल्या तर त्या कळ्या असतात आणि संध्याकाळी उमलतात. तुमचा मास्टर शॉट दुपारी झाला आणि क्लोजअप रात्री झाला, तर तिच्या वेणीत आधी कळ्या आणि पुढच्याच क्षणी टपोरी फुलं. त्यात लाइटखाली मोगऱ्याच्या कडा तपकिरी पडतात. सोनचाफ्याला बोट जोरात लागलं की काळा डाग. केवड्याच्या पातीला काटे असतात, ती मानेजवळ माळायची तर कडा तासून घ्याव्या लागतात, नाहीतर हिरोईन ओरडते आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी एका सीनला एकसारख्या तीन-चार माळा करून घेते, ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवते आणि त्या पेटीवर स्वतः बसते. प्लॅस्टिकच्या फुलांबद्दल मला विचारू नका.

चर्रर्र

आता नऊवारी. शिवलेली नऊवारी लावणीच्या स्पर्धेला नेसा, ढोल-पथकात नेसा, गुढीपाडव्याला बुलेटवर बसताना नेसा, माझी काही तक्रार नाही. पेशवाईतल्या प्रेमाच्या सीनला ती आणू नका.

एका मालिकेच्या सेटवरची गोष्ट. वाड्यातली रात्र. नायक बऱ्याच महिन्यांनी मोहिमेवरून परतलाय. संहितेत लिहिलेलं: 'ती लाजून वळते, तो पदर ओढतो.' अत्यंत घिसापिटा प्रकार, पण तो मुद्दा वेगळा. सिंक साउंड होतं, म्हणजे आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड होणार. एसी बंद, पंखे बंद, सगळे श्वास रोखून. नायिका वळली, नायकाने पदर ओढला, आणि चर्रर्र! कमरेचा व्हेल्क्रो सुटला. साउंड रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले आणि शांतपणे चहा मागवला. दुसऱ्या टेकला पदर ओढला तर पदर येईचना, खांद्यावर आतून सेफ्टी पिनांचा कारखाना लावलेला. तिसऱ्याला त्यातलीच एक पिन उघडली आणि तिच्या खांद्यात घुसली. ड्रेसदादा म्हणे, "डबिंगमध्ये मारू." कपड्याचा आवाज डबिंगमध्ये मारता येईलही, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर आता 'परत टोचणार' एवढंच दिसत होतं.

सेटवर हेअरला एक मावशी होत्या, साताऱ्याकडच्या, त्यांच्या आईने आयुष्यभर लुगडंच नेसलं. त्यांनी नायिकेला आत नेलं आणि खरं नऊवार लुगडं नेसवून आणलं. आत परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. कमरेला गाठ, निऱ्या, मागे कासोटा. चोळी खणाची, पुढे गाठ मारायची. मुलगी बाहेर आली आणि तिची चालच बदललेली होती. मघापासून ती मॉडेलसारखी वळत होती, आता पाय जमिनीवर रोवून उभी राहिली. बसताना एक गुडघा उभा राहिला. मावशींनी जाता जाता पदर तिच्या कमरेला खोचला, "कामात असलेल्या बाईचा पदर असा असतो" म्हणून.

आणि सीन तिथेच सापडला. ती समई सारखी करतेय, पदर खोचलेला. तो दारात येऊन उभा राहतो. ती मागे न बघता ओळखते, खोचलेला पदर सोडते, डोक्यावर घेते, आणि मग वळते. आतापर्यंत सगळे पदर काढायच्या मागे होते, आणि शृंगार निघाला तो पदर घेण्यात. डायरेक्टरला पटायला थोडा वेळ लागला. चॅनलवाल्यांना पटलंच नाही, त्यांनी वर व्हायोलिन ओतलं. असो.

यावर माझा उपाय एकच आहे आणि तो कोणालाच आवडत नाही: पहिल्या तालमीपासून नटीने लुगडं नेसायचं आणि नटाने धोतर. घरी जेवायचं त्यात, जिना चढायचा त्यात. शूटच्या दिवशी पहिल्यांदा नेसलेला कपडा अंगावर पोशाख म्हणूनच दिसतो. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी 'आम्रपाली'साठी (1966) अजिंठ्याला जाऊन तिथली चित्रं अभ्यासली होती. आपण निदान पिंटरेस्ट बंद करून एखाद्या आजीला फोन तरी करू शकतो.

झटपट काही, कारण यावर लांबण लावायची गरज नाही

नथ. प्राचीन काळातल्या नायिकेला घालू नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी नथीच्या इतिहासावर लेखच लिहिलाय. जुन्या शिल्पांत आणि जुन्या संस्कृत साहित्यात नाकातला दागिना सापडत नाही. पेशवाईत घाला, पण मग चुंबनाच्या वेळी ती मध्ये येते हे विसरू नका. विसरलात तर नट जखमी होतो. आठवण ठेवलीत तर नथ काढून ठेवण्याचाच छान सीन होतो.

हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधी दिसली की मी सरळ उठून जाते.

होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ ही उत्तर पेशवाईतली मंडळी. त्यांच्या घाटाची लावणी थोरल्या बाजीरावाच्या दिवाणखान्यात नको.

मौर्यांच्या महालात मेणबत्त्या नकोत. तेलाचे दिवे लावा. दिवा खाली असतो, उजेड खालून आणि बाजूने येतो, अर्धा चेहरा अंधारात राहतो. तुम्हाला तेच तर हवं होतं ना?

खजुराहोची शिल्पं दहाव्या-अकराव्या शतकातली, चंदेलांच्या राज्यातली. गुप्तकाळाच्या शयनगृहात त्यांची प्लास्टरची नक्कल मागच्या भिंतीवर कशी आली?

उज्जयिनीची गणिका, लखनौची तवायफ, पुण्याची कलावंतीण आणि तमाशातली नाची या चार वेगळ्या बायका आहेत. त्यांचं घर वेगळं, कमाई वेगळी, त्यांच्याकडे येणारा पुरुष वेगळा. सगळ्यांना एकच अनारकली घालून एकाच पायरीवरून उतरवू नका. आणि तवायफ दाखवायची असेल तर 'उमराव जान' (1981) बघा, पण कान उघडे ठेवून. खय्याम यांनी आशाबाईंना त्यांच्या नेहमीच्या पट्टीच्या खाली गायला लावलं आणि त्या खालच्या सुरातच उमरावचं वय आणि थकवा आला. तुमच्या सिनेमात मात्र गाणारी बाई वरच्या षड्जावर किंचाळत असते.

पेशव्यांच्या घरातली बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. मिठीतही नाही. 'इकडून येणं कधी झालं?' एवढ्या आडून बोलणाऱ्या बाईने एकदाच समोर बघून 'तुम्ही' म्हटलं तर काय होईल, ते लिहा.

बांगड्यांचा आवाज. काचेच्या बांगड्या भरलेला हात नायकाच्या छातीवर ठेवायचा आणि त्याच वेळी त्याने कुजबुजायचं, हे माइकला मान्य नसतं. एक तर संवाद काढा, नाहीतर बांगड्या. मी नेहमी संवाद काढायला सांगते.

"तुम्ही फक्त फील करा"

मारामारीच्या सीनला फाइट मास्टर येतो, नाचाला डान्स मास्टर येतो, तलवार लाकडाची आहे की लोखंडाची ते तीनदा तपासलं जातं. आणि जिथे दोन परकी माणसं एकमेकांच्या अंगाला अंग लावणार, तिथे डायरेक्टर म्हणतो, "तुम्ही फक्त फील करा, कॅमेरा चालू ठेवतो." याच्याइतका बेजबाबदार आळस दुसरा नाही. हात कुठे जाणार, कुठे नाही, कोण आधी हलणार, 'कट' म्हटल्यावर शाल घेऊन कोण धावणार, हे सगळं आदल्या दिवशी ठरलेलं हवं. आता आपल्याकडेही इंटिमसी कोऑर्डिनेटर मिळतात. बजेट नसेल तर निदान तालीम करा, बंद सेट ठेवा आणि मॉनिटरभोवतीची निर्मात्याची मित्रमंडळी बाहेर काढा. 'असं ठरवून केलं तर कृत्रिम वाटतं' म्हणणाऱ्यांना मी पुन्हा त्या पिसाच्या सीनकडे पाठवते. सगळं आधीच ठरवलेलं होतं म्हणूनच न बोलणारी दोन माणसं तो करू शकली.

'सत्य घटनेवर आधारित'

ही पाटी लावण्याआधी दहा वेळा विचार करा. अनारकली आपल्याला इतकी खरी वाटते, पण जहांगीरने स्वतःच्या आठवणींत तिचं नाव काढलेलं नाही, आणि तिची आज आपल्याला माहीत असलेली करुण कहाणी घट्ट झाली ती इम्तियाज अली ताज यांच्या 1922 सालच्या उर्दू नाटकाने. अकबराच्या राजपूत राणीचं 'जोधा' हे नावसुद्धा समकालीन कागदांत मिळत नाही. म्हणून सिनेमे करू नयेत असं मी म्हणत नाही. दंतकथा आहे तर दंतकथा म्हणून सांगा, हात मोकळे राहतात.

उलटही होतं. खरा इतिहास जास्त हळवा असतो आणि आपण तो सोडून देतो. बाजीराव-मस्तानी म्हटलं की सगळ्यांना काशीबाई आणि मस्तानी या दोघी बायकांचं एकत्र नृत्य हवं, त्यावरून मग वंशजांची नाराजी, मोर्चे, चॅनलवर चर्चा. पण प्रत्यक्षात काय घडलं? मस्तानी पुण्यात नजरकैदेत, बाजीराव मोहिमेवर. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला तो गेला. ती त्यानंतर फार जगली नाही. तिची कबर पाबळला आहे. शेवटच्या महिन्यांत दोघं एका छताखाली नव्हतीच. आपल्या साहित्यशास्त्राने शृंगाराचे दोन भाग केलेत, संभोग म्हणजे मीलन आणि विप्रलंभ म्हणजे विरह, आणि कवींचा जीव कायम दुसऱ्यात जास्त रमला. तुमच्या हातात इतका तयार विरह असताना तुम्ही पुन्हा पलंगाकडे कॅमेरा का वळवता, हे मला कधी कळलेलं नाही. पत्र पोचायला लागणारे दिवस, वाटेतली चौकी, सांडणीस्वाराला विचारलेला एक साधा प्रश्न, यावर एक अख्खा भाग निघेल.

सेन्सॉरचं काय?

'सगळं शूट करून ठेवू, कापायचं ते सेन्सॉर कापेल.' हा शॉर्टकट सगळ्यात महागात पडतो. बोर्डाने कट सांगितला की तो तुमच्या लयीत बसेल याची कोणी हमी देत नाही. अर्ध्यावर तुटलेला श्वास ऐकू येतो आणि प्रेक्षक हसतो. 'ए' सर्टिफिकेट घेतलंत तर तो सिनेमा तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही, आणि सॅटेलाइटचे, म्हणजे टीव्ही-हक्कांचे पैसे गेले की निर्मात्याचं प्रेम आटतं. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे टप्पे आलेत. आपल्याला यातला कुठला हवाय ते लेखनाच्या टेबलावरच ठरवायचं आणि नजर कुठे वळणार ते संहितेतच लिहायचं. विझणारी समई आणि एकमेकांवर चोच घासणारे पक्षी सोडून. ते दोन्ही आता निवृत्त होऊ देत.

शेवटचं, मला संहिता पाठवणाऱ्यांसाठी. मूडबोर्ड पाठवू नका, 'भन्साळी मीट्स सैराट' असली एका ओळीची पत्रंही नकोत, आणि 'ताई, एक रेफरन्स सुचवा ना, उद्या शूट आहे' असा मेसेज रात्री साडेअकराला तर मुळीच नको. शृंगाराच्या प्रत्येक सीनच्या वर चार गोष्टी लिहून पाठवा: साल, गाव, ऋतू, प्रहर. त्यांतली एकही माहीत नसेल तर सीन अजून लिहून झालेला नाही, आणि मी न झालेल्या सीनचं मानधन आगाऊ घेते.